कलेक्टर, तहसीलदार आणि वेचलेली फुलं

जिल्ह्याच्या गावी कलेक्टर कचेरी आणि तहसील कचेरी बहुधा हाकेच्या अंतरावर असतात. सातबाऱ्यासाठी खेटे घालणाऱ्याला या दोन पाट्यांमधला फरक नीट ठाऊक असतो: एक साहेब मोठा, दुसरा त्याच्या हाताखालचा. पाट्यांवरच्या शब्दांचा अर्थ मात्र एकच आहे. अरबीत 'तहसील' म्हणजे गोळा करणं, वसूल करणं. त्याला फारसीचं 'दार' लागलं की झाला गोळा करणारा. इंग्रजीत 'कलेक्ट' म्हणजे गोळा करणं, आणि कलेक्टर म्हणजे पुन्हा तोच. बिहार-झारखंडात गेलात तर तिसरी पाटी दिसेल, 'समाहरणालय', आणि आत 'समाहर्ता'. हा शब्द थेट कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला. तिथं समाहर्ता राज्याचं उत्पन्न एकत्र आणतो आणि आलेलं कोठारात सांभाळतो तो सन्निधाता. तीन भाषा, तीन राजवटी. पण रयतेपुढं उभ्या राहणाऱ्या सरकारी माणसाची ओळख तिघींनीही एकाच क्रियापदावरून केली. हा न्यायला आलाय.

शाळेत समास शिकलेल्यांना हा 'समाहार' अनोळखी नाही. मीठभाकर म्हणताना मीठ आणि भाकरीबरोबर चटणी, कांदा असं जे काही ताटात असेल ते सगळं त्या शब्दात गोळा होतं, म्हणून तो समाहार द्वंद्व. चहापाणी हाही तसाच. सरकारी कचेरीत 'चहापाणी' या समाहारात आणखी काय काय गोळा होतं, ते व्याकरणाच्या पुस्तकात नसतं.

इंग्रजीतलं 'कलेक्ट' हे तसं रोजच्या वापरातलं, बिनमहत्त्वाचं क्रियापद. भारतात येऊन त्याला जी खुर्ची मिळाली ती त्याच्या मायदेशात कधीच मिळाली नाही. १७६५ साली ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली, म्हणजे सारा वसूल करण्याचा हक्क मिळाला. काही वर्षं कंपनीनं देशी अधिकाऱ्यांकडूनच काम चालवलं, त्यांच्यावर गोरे सुपरवायझर नेमले, आणि १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जनं या सुपरवायझरांचं नाव बदलून 'कलेक्टर' केलं. पुढच्याच वर्षी त्यांना माघारी बोलावलं गेलं. १७८०च्या दशकात ते पुन्हा आले आणि मग गेलेच नाहीत. एका व्यापारी कंपनीच्या दृष्टीनं या नावात वावगं काही नव्हतं. जमाखर्चाच्या वहीत ज्याचं काम रक्कम आणून भरणं, तो कलेक्टर.

आपल्याकडं हा शब्द १८१८ नंतर आला. पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडं होता. त्यानं पुण्याला रॉबर्टसन, तेव्हाच्या अहमदनगरला हेन्री पॉटिंजर आणि खानदेशात जॉन ब्रिग्ज असे कलेक्टर नेमले. ही माणसं पलटणीतून आलेले कॅप्टन होते. ब्रिग्जनं पुढं फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचं इंग्रजी भाषांतर केलं, तर पॉटिंजर हाँगकाँगचा पहिला गव्हर्नर झाला. नगरच्या साऱ्याचे हिशेब पाहणारा माणूस चीनशी तह करायला गेला, यावरून कलेक्टर या पदात किती काय मावत होतं याची कल्पना यावी.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात परगणे इजाऱ्यानं दिले जात. जो जास्त रकमेची बोली करेल त्याला वसुलीचा हक्क, आणि मग त्यानं रयतेकडून किती काढायचं ते त्याचं तो पाही. एल्फिन्स्टननं इजारा बंद केला, मामलेदार आणि गावचे पाटील-कुलकर्णी ठेवले, वर कलेक्टर बसवला. इजारदार आणि कलेक्टर यांच्यातला खरा फरक इथं आहे. इजारदार गोळा करतो ते आपल्यासाठी, कलेक्टर पगारावर गोळा करतो. रयतेला हा फरक किती जाणवला हा वेगळा प्रश्न, कारण इंग्रजांचा सारा रोखीत होता आणि पाऊस पडो न पडो, हप्त्याची तारीख ठरलेली होती. रोकड आणायची कुठून, तर सावकाराकडून. १८७५ साली सुप्यापासून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातली कर्जरोख्यांची कागदपत्रं काढून जाळली. राग सावकारावर निघाला, पण त्यामागं सरकारी हप्त्याचा तगादाही होता.

गव्हर्नर मुंबईत, व्हाइसरॉय त्याहून दूर; लोकांना दिसणारं इंग्रजी राज्य म्हणजे कलेक्टर. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या त्या कलेक्टर जॅक्सनलाच. हा जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता. क्रांतिकारकांच्या लेखी त्याची विद्वत्ता गौण आणि त्याची खुर्ची महत्त्वाची होती.

आज महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत आणि प्रत्येकाला एक कलेक्टर. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यात अजूनही हेच पद केंद्रस्थानी आहे. पण आता शेतसाऱ्याची रक्कम राज्याच्या उत्पन्नात नगण्य. कलेक्टर निवडणुका घेतो, पुरात बोटी मागवतो, भूसंपादन करतो, शस्त्रपरवाने देतो. इतर राज्यांनी नावही वेगळं धरलं: उत्तर प्रदेशात तो जिल्हा दंडाधिकारी, कर्नाटकात आणि पंजाबात डेप्युटी कमिशनर. मराठीनं 'जिल्हाधिकारी' हा शब्द घेतला तेव्हा त्यातली वसुली पुसली गेली. तरी बोलण्यात कलेक्टरच टिकला आहे. पोरगं हुशार निघालं की आजी अजून 'कलेक्टर होशील' म्हणते; 'समाहर्ता होशील' असं कोणी म्हणेल असं वाटत नाही.

जुन्या कामाची एक खूण मात्र दरवर्षी वर्तमानपत्रात दिसते. खरीप संपला की कलेक्टर पैसेवारी जाहीर करतो. पूर्वी तिला आणेवारी म्हणत. भरघोस पीक गृहीत धरून त्याच्या तुलनेत यंदा गावात किती आलं याचा हा अंदाज, आणि तो ५० पैशांच्या खाली गेला की जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी अशा सवलती लागू होतात. म्हणजे गोळा करणाऱ्याच्या अधिकारातच गोळा न करण्याचा अधिकारही आहे. शेतकरी वाट पाहतो ती या दुसऱ्याची.

तशीच आणखी एक गंमत. 'जमा' हा अरबी शब्दही गोळा करण्याचाच. जमात, जामा मशीद, शुक्रवारचा जुम्मा हे त्याच्याच गोतावळ्यातले. शेतजमिनीवरचा आकार ठरवणं म्हणजे जमाबंदी, आणि पुण्यात जमाबंदी आयुक्तांचं कार्यालय आजही आहे. दंगल पेटली की कलेक्टर जमावबंदी लावतो, पूर्वी कलम १४४ खाली, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. एका 'व'चा फरक. नावानं गोळा करणारा अधिकारी लोकांना मात्र गोळा होऊ देत नाही.

आता थोडं मागं, लॅटिनपर्यंत जाऊ. तिथं या शब्दाच्या पोटात कर नाही, सारा नाही, साहेबही नाही. 'लेगेरे' म्हणजे वेचणं. त्याला 'एकत्र' या अर्थाचा उपसर्ग लागून 'कोल्लिगेरे', वेचून एका जागी आणणं, आणि त्यातून कलेक्ट. मौज अशी की लेगेरेचा दुसरा अर्थ वाचणं. पानावरची अक्षरं नजरेनं एकेक उचलत जायचं, म्हणून वाचणं हेही वेचणंच. लेक्चर, लेसन, लेजंड हे शब्द वाचण्याकडून आले. सिलेक्ट, इलेक्ट वेचण्याकडून. उचललंच नाही तर निग्लेक्ट. जर्मनमध्ये 'लेझन' हे क्रियापद अजून दोन्ही अर्थ सांभाळून आहे: पुस्तक वाचायचं तेही लेझन आणि द्राक्षमळ्यातली तोडणी तीही त्यातूनच.

मराठीला यात नवल वाटायला नको. परशुरामपंत तात्या गोडबोल्यांनी १८५४ साली जुन्या कवितांचं जे पुस्तक तयार केलं त्याचं नाव 'नवनीत अथवा मराठी कवितांचे वेचे'. कित्येक पिढ्यांनी मोरोपंत-वामन पंडित त्यात वाचले. निवडून वाचायला दिलेला उतारा तो वेचा. पारिजातकाखाली सकाळी फुलं वेचतात तोच हा शब्द. ग्रीकांनीही कवितांच्या संग्रहाला जे नाव दिलं, ज्याचं इंग्रजीत अँथॉलॉजी झालं, त्याचा अर्थ फुलं गोळा करणं असाच आहे. तिघांच्याही हाती परडी.

आणि निवडणूक? इलेक्शन म्हणजे लॅटिनमध्ये 'वेचून बाहेर काढणं'. मराठीत आपण मेथी निवडतो, तांदूळ निवडतो, आणि आमदारही निवडतो. तांदळात खडे किती हे घरातल्या बाईला आधी कळतं. मतदाराला पाच वर्षांनी. कलेक्टरच्या अनेक टोप्यांपैकी एक जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याची असते, म्हणजे एकाच लॅटिन क्रियापदाची दोन पोरं त्याच्या दाराशी नांदतात.

या कुळातली दोन भावंडं वेश बदलून आपल्या घरात शिरली आहेत. कोल्लिगेरेचं जुन्या फ्रेंचमध्ये जे रूप झालं त्यातून इंग्रजीला 'कल' मिळालं: वेचून बाजूला काढणं, आणि पुढं वेचून मारणं. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आढळला तेव्हा तिथल्या पोल्ट्र्यांमध्ये कोंबड्यांचं 'कलिंग' सुरू झालं आणि हा शब्द मराठी बातम्यांत पोचला. दुसरं भावंड कॉइल. दोर गोळा करून वेटोळं घालणं हा त्याचा मूळ अर्थ. रात्री पलंगाखाली जळणारी मच्छरांची कॉइल, नवापूरच्या कोंबड्या आणि जिल्ह्याचा कलेक्टर, तिघंही एका घराण्यातले. शब्दांची सोयरीक माणसांसारखी जात-पात पाहून होत नाही.

खुद्द इंग्रजीत हे क्रियापद किती चाकऱ्या करतं ते पाहण्यासारखं आहे. कपाटावर धूळ कलेक्ट होते, खड्ड्यात पाणी कलेक्ट होतं. ब्रिटनमधली आई शाळेतून मूल कलेक्ट करते; अमेरिकेतली आई तेच पिक-अप करते. प्रसंगी घाबरून न जाता शांत राहणारा माणूस 'कलेक्टेड', कारण त्याचं चित्त विखुरलेलं नाही. आठवणं म्हणजे रिकलेक्ट, सांडलेलं पुन्हा गोळा करणं. लेखकाचं सगळं लेखन एकत्र छापलं की 'कलेक्टेड वर्क्स'. गांधीजींचे इंग्रजीत शंभर खंड निघाले. मराठीनं इथं 'समग्र' हा शब्द पत्करला. साहित्य संस्कृती मंडळानं १९६९ साली प्रसिद्ध केलेलं महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय हे त्याचं ठळक उदाहरण. गोळा केलेलं आणि समग्र यांत फरक आहेच. समग्र म्हटलं की काही सुटलेलं नाही अशी हमी द्यावी लागते आणि संपादकाची झोप उडते.

ख्रिस्ती उपासनेत तर कलेक्ट हे नाम आहे, आणि त्याचा उच्चार करताना जोर पहिल्या अक्षरावर येतो. मिस्सेच्या सुरुवातीला धर्मगुरू 'आपण प्रार्थना करू या' म्हणतात, क्षणभर सगळे आपापल्या मनात मागणं मागतात, आणि मग धर्मगुरू त्या साऱ्या मुक्या मागण्या एका छोट्या प्रार्थनेत गोळा करतात. ती प्रार्थना म्हणजे कलेक्ट. १५४९च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातले थॉमस क्रॅनमरचे कलेक्ट इंग्रजी गद्याचे नमुने म्हणून वाचले जातात. कॅथलिकांच्या इंग्रजी मिस्सेत मधल्या काळात हा शब्द मागं पडला होता, तो २०११च्या नव्या भाषांतरात परत आला. पैशांची थाळी फिरते तिलाही कलेक्शनच म्हणतात, पण ती नंतर.

अमेरिकेत 'कलेक्ट कॉल' म्हणजे ज्याला फोन केला त्यानंच पैसे भरायचे. मालाच्या बाबतीत आपल्याकडं ही सोय फार जुनी. १८७७ साली टपाल खात्यानं व्हॅल्यू पेएबल पोस्ट सुरू केलं. पोस्टमननं पुस्तकाचं पार्सल द्यायचं, पैसे घ्यायचे आणि प्रकाशकाला मनिऑर्डरीनं पाठवायचे. 'पुस्तक व्ही.पी.नं मागवा' ही ओळ जुन्या मराठी मासिकांच्या जाहिरातींत ठायी ठायी आहे. आजचं कॅश ऑन डिलिव्हरी हे त्याचंच नातवंड.

रेल्वेत कलेक्टर आणखी खाली उतरला. टॉमस एडमंडसन या इंग्लंडमधल्या स्टेशनमास्तरनं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनुक्रमांक छापलेलं पुठ्ठ्याचं छोटं तिकीट काढलं. प्रवास संपल्यावर ते परत घ्यायचं, म्हणजे पुन्हा वापरता येत नाही आणि हिशेबही जुळतो. ते परत घेणारा तिकीट कलेक्टर, आपला टी.सी. आता फाटकावर तिकिटं गोळा करत कोणी बसत नाही, टी.सी. तपासतो आणि दंड करतो. नाव तेच राहिलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत ब्राँझपदक मिळवलं तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक पदक मिळालं ते याच्या हातून. मराठी बापाच्या दोन स्वप्नांपैकी, कलेक्टर आणि टी.सी., धाकटंही वाया जात नाही ते असं.

ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी एकाला कलेक्टर म्हणतात हे आयटीआयच्या मुलांना माहीत असतं. एमिटर विद्युतभार सोडतो, कलेक्टर तो गोळा करतो आणि मधला बेस इवल्याशा प्रवाहानं दोघांवर ताबा ठेवतो. बार्डीन आणि ब्रॅटन यांनी १९४७च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ही करामत केली. संगणकात 'गार्बेज कलेक्शन' असतं. १९६०च्या सुमारास जॉन मॅकार्थीनं लिस्प भाषेसाठी काढलेली युक्ती. कुठल्याच कामाला न लागणाऱ्या स्मृतीच्या जागा शोधून मोकळ्या करायच्या. पुण्यात हिंजवडीला बसून जे इंजिनिअर त्यावर दिवसभर बोलतात, त्यांच्या घरचा खरा कचरा उचलणाऱ्यांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ पासून याच शहरात काम करते आहे. ते स्वतःला वेचक म्हणतात. लेगेरेचा मूळ अर्थ सर्वांत चोख त्यांनीच राखला आहे.

आणि मग छंदवाले कलेक्टर. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर (१८९६ ते १९९०) यांचा धंदा चष्म्याचा. 'अज्ञातवासी' या नावानं ते कविता लिहीत. १९२०च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला आणि पुढची साठेक वर्षं त्यांनी त्यापायी गावोगाव पालथी घातली. राजांच्या तलवारी, हिरेमाणकं यांच्या मागं बहुतेक सगळे संग्राहक लागतात. केळकर लागले अडकित्त्यांच्या मागं. दिवे, दौती, पाय घासायच्या वज्री, वाड्यांची कोरीव दारं, स्वयंपाकघरातली भांडी. कोथरूडचा मस्तानीचा महाल उतरवून त्यांनी संग्रहालयात पुन्हा उभा केला. संग्रह वीस हजार वस्तूंच्या वर गेला आणि १९७५ साली त्यांनी तो राज्य सरकारला देऊन टाकला. संग्रहालयाला नाव आहे त्यांच्या बालपणीच वारलेल्या मुलाचं, राजाचं.

माळ्यावर साठलेल्या अडगळीतही जुने अडकित्ते असतात, पण तिला कोणी संग्रह म्हणत नाही. केळकरांनी शंभर अडकित्त्यांतून कोणता घ्यायचा हे पाहिलं. त्यांच्या जमवण्यात वेचणं होतं, आणि लॅटिनवाल्यांना कलेक्ट म्हणताना नेमकं हेच अभिप्रेत होतं. नाणी, काडेपेट्यांची चित्रं, टपाल तिकिटं जमवणाऱ्या कुठल्याही खऱ्या संग्राहकाला विचारा. त्यानं काय घेतलं यापेक्षा काय सोडलं याच्या गोष्टी तो जास्त रंगवून सांगतो.

इथं मराठी क्रियापदांकडं वळलं पाहिजे, कारण इंग्रजीचं एक काम आपण डझनभरांत वाटून दिलं आहे. फुलं वेचायची, नाणी जमवायची, धान्य साठवायचं, सरपण गोळा करायचं, सारा वसूल करायचा, वर्गणी काढायची, मुलाला शाळेतून आणायचं, मन सावरायचं. धूळ आणि पाणी आपोआप साचतं, माणसं जमतात, पैसा साठतो. गोळा झालेल्यांनाही एकच नाव पुरत नाही: भाकऱ्यांची चवड, मडक्यांची उतरंड, नाण्यांची चळत, काजूंची गाथण, दुर्वांची जुडी, किल्ल्यांचा जुडगा. डेअरीवर दुधाचं संकलन होतं आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीतही संकलन असतं. तिथं ते कापून जोडणं आहे.

या सगळ्यावर आता 'कलेक्शन' पसरतं आहे. तालुक्याच्या बाजारपेठेत कपड्याच्या दुकानाच्या नावापुढं 'कलेक्शन' लावणं हा जणू नियम. पॅथॉलॉजी लॅबचं 'होम कलेक्शन', 'सैराट'चं शंभर कोटींच्या पुढं गेलेलं कलेक्शन, पतसंस्थेच्या पिग्मी एजंटचं रोजचं कलेक्शन. पिग्मी ही मूळची कर्नाटकच्या किनाऱ्यावरची कल्पना. १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं दारोदार जाऊन दोन-दोन आणे ठेव घ्यायला सुरुवात केली आणि महाराष्ट्रातल्या पतसंस्थांनी ती उचलली. इथवर ठीक. पण थकलेल्या कर्जासाठी दमदाटी करणारी पोरंही 'कलेक्शनवाली' असतात. रिझर्व्ह बँकेला त्यांना सांगावं लागलं की सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नका. मंडळाची वर्गणीही कलेक्शन, नाक्यावरचा हप्ताही कलेक्शन.

कलेक्टर, टी.सी., ट्रान्झिस्टरचा पाय, बॉक्स ऑफिस इथं हा शब्द मुरला आहे, तो काढायचं कारण नाही. माझी तक्रार बाकीच्या ठिकाणी आहे. वर्गणी, वसुली आणि खंडणी या तिघांत देणाऱ्याची मर्जी वेगवेगळी असते, आणि मराठी शब्द ती मर्जी उघड सांगतात. 'कलेक्शन' ती झाकतं. म्हणून पुढच्या खेपेला कोणी पावतीपुस्तक घेऊन दारात येईल आणि 'काका, कलेक्शन चाललंय' म्हणेल, तेव्हा त्याला मराठीत विचारा: वर्गणी की वसुली? आणि उत्तर ऐकूनच खिशात हात घाला.